आम्लाने कोरलेली कांस्य टेबले: नव्या संग्राहकाने कुठून सुरुवात करावी

विसाव्या शतकाच्या मध्यावरचे अमेरिकी फर्निचर म्हटले की अक्रोडाचे लाकूड, साध्या सरळ रेषा, निमुळते पाय आणि नक्षीचा अभाव एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये या वर्णनात मुळीच न बसणारी टेबलेही तयार होत होती. त्यांचा आकार साधा आणि बुटका असे, पण वरच्या कांस्यपत्र्यावर शेकडो आकृत्या आम्लाने कोरलेल्या असत आणि सारा पृष्ठभाग शतकानुशतके जमिनीत पडून राहिल्यासारखा काळपट, हिरवट, सोनेरी दिसे. अशी टेबले जमवू पाहणाऱ्याने सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरावी. या वस्तूची सारी किंमत तिच्या पृष्ठभागात असते. खालचे लाकूड सुताराकडून दुरुस्त करून घेता येते, पण एकदा घासून गेलेला मूळ रंग परत आणता येत नाही. पाहणी, खरेदी, वाहतूक आणि देखभाल यांबद्दल पुढे जे सांगितले आहे, ते सगळे याच एका कारणातून आलेले आहे.

आधी क्षेत्र ठरवावे

या प्रकारातले सर्वांत मोठे नाव फिलिप आणि केल्विन लव्हर्न या पितापुत्रांचे. मॅनहॅटनमध्ये सत्तावन्नाव्या रस्त्यावर त्यांची गॅलरी होती आणि १९६० व १९७० या दशकांत त्यांच्या कार्यशाळेतून टीपॉय, साइड टेबले, कपाटे, भिंतीवर लावायचे फलक आणि शिल्पे बाहेर पडली. त्यांच्या कामातील सर्वांत परिचित रचना म्हणजे ‘चान’. तिच्यात चिनी चित्रकलेच्या धर्तीवर झाडे, मंडप, स्त्रिया, मुले आणि चाकर यांचे प्रसंग सबंध टेबलावर पसरलेले असतात. ‘इट्रस्कन’, ‘इटर्नल फॉरेस्ट’ अशा इतर रचनाही बाजारात दिसतात. नवख्या माणसाने ‘चान’पासून सुरुवात करणे सोयीचे ठरते, कारण ही रचना गोल, आयताकृती अशा वेगवेगळ्या आकारांत आढळते आणि लिलावांत वारंवार येत असल्यामुळे तुलना करायला पुष्कळ नमुने मिळतात. दुर्मीळ रचना पहिल्याच फटक्यात घेणाऱ्याला आपण काय घेतले हे तपासायला दुसरा नमुनाच सापडत नाही.

याला लागून असलेले दुसरे क्षेत्र पितळेचे आहे. मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्सच्या मास्टरक्राफ्ट कंपनीसाठी बर्नहार्ड रोने या कलावंताने १९७० च्या दशकात आम्लाने कोरलेल्या पितळी पत्र्याचे फर्निचर केले. त्यातील नक्षी बहुतांशी अमूर्त असते. बेल्जियममध्येही त्याच सुमारास आर्मान जाँकर्स, जॉर्ज मातियास, क्रिस्टियान क्रेकेल्स यांनी कोरीव पितळी टेबले केली आणि त्यांतील काहींत अकीकासारख्या दगडांचे काप बसवलेले दिसतात. विक्रेते सवयीने या सगळ्यालाच कांस्य म्हणतात. कांस्य हे मुख्यतः तांबे व कथील यांचे मिश्रण असते, तर पितळ तांबे व जस्ताचे. एकदा काळपटपणा चढला की डोळ्यांनी फरक ओळखणे अवघड असते, म्हणून विक्रेत्याच्या शब्दापेक्षा निर्माता कोण यावर अधिक भर द्यावा.

हे टेबल तयार कसे होते

निर्मितीची पद्धत समजल्याशिवाय पाहणी करता येत नाही. आम्लाने कोरण्याची मूळ रीत जुनीच आहे. धातूच्या पत्र्याचा जो भाग तसाच ठेवायचा त्यावर मेण किंवा डांबरासारखा आम्लाला दाद न देणारा लेप लावतात आणि मग पत्र्यावर आम्ल किंवा फेरिक क्लोराइडचे द्रावण सोडतात. उघडा भाग खाल्ला जातो, झाकलेला भाग उंच राहतो. द्रावण खाली खाते तसे थोडे आडवेही खाते, त्यामुळे खऱ्या कोरलेल्या रेषेची कड काटेकोर सरळ नसते. भिंगातून पाहिल्यास ती किंचित खरखरीत आणि ठिकठिकाणी आत शिरलेली दिसते, आणि खोलगट भागाचा तळही गुळगुळीत नसून दाणेदार असतो. यंत्राने ठसा मारलेल्या पत्र्यावर उंचवट्याच्या कडा गोलसर आणि सगळीकडे सारख्याच असतात. लेझरने कोरलेल्या रेषेत तर यांत्रिक नियमितपणा लगेच नजरेत भरतो.

लव्हर्न यांच्या टेबलांत कांस्याच्या जोडीला प्यूटर हा कथीलप्रधान मिश्रधातू येतो आणि हा सगळा धातू आतल्या लाकडी सांगाड्यावर चढवलेला असतो. कोरीव काम झाल्यावर पत्रा रसायने मिसळलेल्या मातीत पुरून ठेवत आणि हा काळ सहा आठवड्यांपर्यंत असे. मातीतील ओल आणि रसायने यांचा परिणाम पत्र्यावर सर्वत्र सारखा होत नाही, म्हणूनच एकाच रचनेच्या दोन टेबलांचे रंग कधीही तंतोतंत जुळत नाहीत. त्यानंतर निळे, हिरवे, तांबूस रंग हाताने भरले जात. करड्या प्यूटरखालून सोनेरी तपकिरी कांस्य डोकावते तिथे या टेबलांची खरी शोभा आहे, आणि तीच जागा सर्वांत नाजूक आहे. कल्हईचे भांडे वर्षानुवर्षे घासल्यावर तळाशी तांबे उघडे पडते, तोच प्रकार इथे होतो, फरक एवढाच की इथे कल्हईवाला बोलावून उपयोग नसतो. प्यूटर साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपास वितळू लागतो, तर कांस्याला ९०० अंशांच्याही वर जावे लागते. त्यामुळे सुटलेला सांधा तापवून, धातूचा डाग देऊन (सोल्डर करून) जोडून देतो असे कोणी म्हणाले तर त्याला टेबलाजवळ फिरकू देऊ नये.

प्रत्यक्ष पाहणी

या कामाला फार सामान लागत नाही. एक छोटी विजेरी, दहापट मोठे दाखवणारे भिंग, लोहचुंबक, मोजपट्टी आणि लाकडी दातकोरणी एवढे पुरते. चुंबकाचा उपयोग फक्त नकारार्थी आहे. कांस्य, पितळ आणि प्यूटर यांपैकी कशालाच चुंबक चिकटत नाही. पृष्ठभागावर तो घट्ट चिकटला तर खाली लोखंडी पत्रा असून त्यावर मुलामा दिलेला आहे असे समजावे. तो चिकटला नाही म्हणजे टेबल अस्सल, असा अर्थ मात्र काढू नये.

खरी परीक्षा विजेरीची. खोलीतले दिवे शक्य तितके मंद करून विजेरी टेबलाच्या पातळीवर आडवी धरावी, म्हणजे प्रकाश पृष्ठभागावरून घासत जाईल. एखाद्या ‘चान’ टेबलावर असा प्रकाश टाकला की एरवी सपाट वाटणारी आकृती उठून दिसते: स्त्रीच्या लांब बाहीच्या चुण्या, तिच्यामागील झाडाच्या पानांची टोके, मुलाच्या हातातील वस्तू. बाहीच्या चुणीचा उंच भाग किंचित उजळ, बाजूचा उतार तपकिरी आणि खाचेचा तळ जवळजवळ काळा, असे तीन टप्पे दिसत असतील तर पृष्ठभाग बराचसा शाबूत आहे. उंच भाग एकसारखा पिवळाधमक असून त्याला लागूनच काळी खाच एकदम सुरू होत असेल तर कोणीतरी टेबल पॉलिशने घासलेले आहे. नैसर्गिक झीज आणि घासलेले पॉलिश यांतील भेद जागेवरून कळतो. बसणाऱ्यांचे हात आणि गुडघे लागतात त्या कडा आणि कोपरे वापराने उजळतात, पॉलिश मात्र टेबलाच्या मधोमधही तितकेच चकचकीत असते. शिवाय पॉलिशचा वाळलेला पांढुरका गाळ खाचांत अडकून राहतो आणि दातकोरणीच्या टोकाने तो भुग्यासारखा निघतो.

हिरव्या रंगाबाबत घाई करू नये. मुद्दाम आणलेला हिरवटपणा कठीण असतो आणि पृष्ठभागाशी एकजीव झालेला असतो. याउलट फिकट हिरव्या रंगाची मऊ पूड लहान लहान ठिपक्यांत उगवलेली दिसली आणि दातकोरणीने ती सहज सुटली तर क्लोराइडमुळे होणाऱ्या गंजाची शंका घ्यावी. संग्रहालयांतील लोक याला कांस्यरोग म्हणतात. धातूत अडकलेले क्लोराइड आणि हवेतील ओल मिळून ही प्रक्रिया चालू राहते, त्यामुळे पूड पुसली तरी काही आठवड्यांनी ती परत येते. बेंझोट्रायाझोलसारख्या रसायनाने यावर उपचार होतो, पण ते काम धातुसंवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या माणसाचे आहे आणि त्याचा खर्च किमतीतून वजा धरूनच बोली लावावी.

त्यानंतर कडा पाहाव्यात. पत्रा लाकडावर चढवलेला असल्यामुळे ओलाव्याने आतले लाकूड फुगले की सांधे आधी उघडतात. बोटाच्या पेराने कडेवर हळूच टकटक करत गेल्यास भरीव आवाजाच्या मधेच पोकळ आवाज येतो आणि पत्रा तिथे सुटलेला असतो. टेबल दोघांनी मिळून कुशीवर करावे आणि खालची बाजूही तपासावी, कारण विक्रीच्या छायाचित्रांत ती क्वचितच दाखवलेली असते. लाकडावर पाण्याचे डाग आहेत का, जुन्या स्क्रूंची रिकामी भोके आहेत का, वरचा भाग आणि पायथा यांचा रंग आणि वय जुळते का, हे तिथेच कळते. एका टेबलाचा वरचा भाग दुसऱ्याच पायथ्यावर बसवून विकणे ही या बाजारातील नेहमीची गोष्ट आहे. ती प्रत्येक वेळी लबाडीच असते असे नाही, पण किंमत मात्र त्यामुळे उतरायलाच हवी.

वर काच ठेवून वापरलेले टेबल जास्त चांगले राहिले असेल असा समज सार्वत्रिक आहे. माझा अनुभव याच्या उलट आहे. काचेखाली सांडलेले पाणी वाळत नाही आणि काचेला आधार म्हणून ठेवलेल्या रबरी बटणांभोवती गोल वलये उमटतात. ती वलये वरच्या मेणातच असतील तर निघतात, धातूच्या रंगात उतरली असतील तर कायमची राहतात.

सही आणि नावांचा घोटाळा

लव्हर्न यांच्या टेबलांवर ‘फिलिप केल्विन लव्हर्न’ अशी वळणदार अक्षरांतील सही बहुधा वरच्या पृष्ठभागावर, कडेच्या जवळ असते. ती आधी शोधावी आणि नंतर भिंगाखाली आजूबाजूच्या नक्षीशी ताडून पाहावी. सहीच्या रेषांची कड, खोली आणि तळातील काळपटपणा बाजूच्या झाडाच्या किंवा वस्त्राच्या रेषांसारखाच असला पाहिजे. नक्षी जुनी आणि सहीच्या खाचेत मात्र ताजा उजळ धातू दिसत असेल तर तिथेच थांबावे.

न्यूयॉर्कमध्येच त्याच काळात अर्विन आणि एस्टेल लव्हर्न या दांपत्याचीही कंपनी होती. १९५७ च्या पारदर्शक प्लास्टिकच्या खुर्च्यांसाठी ती प्रसिद्ध आहे. आडनाव सारखे असल्यामुळे जाहिरातींत दोघांची सरमिसळ होते आणि एकाची माहिती दुसऱ्याच्या वस्तूखाली छापलेली आढळते. जाहिरात लिहिणाऱ्याला एवढाही फरक ठाऊक नसेल तर त्याने सांगितलेल्या बाकीच्या तपशिलावर किती विसंबावे हे ज्याने त्याने ठरवावे. अर्थात अशा अजाण विक्रेत्याकडे कधी कधी चांगली वस्तू रास्त भावात मिळते हेही खरे.

लिलावाच्या सूचीतील शब्द वकिलाच्या नजरेने वाचावेत. नुसते निर्मात्याचे नाव लिहिले असेल तर लिलावगृह त्या नावाची जबाबदारी घेत असते. ‘अ‍ॅट्रिब्युटेड टू’ म्हणजे त्यांना तसे वाटते, पण पुरावा पुरेसा नाही. ‘मॅनर ऑफ’ किंवा ‘स्टाइल ऑफ’ म्हणजे वस्तू त्या कलावंताची नाही, तिचे दिसणे तेवढे त्याच्या वळणाचे आहे. या तिन्हींच्या किमतींत जमीनअस्मानाचा फरक पडतो.

कुठे घ्यावे आणि किती द्यावे

पहिले टेबल घेण्याआधी शक्य तितकी टेबले हाताळावीत, आणि त्यासाठी लिलावाआधीची प्रदर्शने उत्तम असतात. ती सहसा सर्वांना खुली आणि विनामूल्य असतात, तिथले कर्मचारी टेबल उलटून दाखवतात आणि कोणी खरेदीचा आग्रह धरत नाही. आधुनिक फर्निचरचे लिलाव करणाऱ्यांत शिकागोचे राइट आणि न्यू जर्सीतील लँबर्टव्हिलचे रॅगो ही नावे महत्त्वाची आहेत. न्यू जर्सीतल्याच एडिसनच्या परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींना तर लँबर्टव्हिल शनिवारच्या फेरफटक्याच्या अंतरावर आहे. मोठ्या रचना सॉदबीज, क्रिस्टीज आणि फिलिप्स यांच्याकडेही येतात. मॅसॅच्युसेट्समधील ब्रिमफील्डचा जुन्या वस्तूंचा बाजार मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये भरतो. तिथे लव्हर्न मिळण्यापेक्षा निनावी कोरीव पितळ मिळण्याची शक्यता जास्त, पण डोळा तयार करायला ती जागा चांगली आहे. मुंबईच्या चोरबाजारात जुने फर्निचर विपुल असले तरी या प्रकारच्या टेबलाची आशा ठेवून तिकडे जाऊ नये.

ऑनलाइन बाजारात व्यापारी जी किंमत लावतात तो त्यांचा आकडा असतो, वस्तूचा भाव नव्हे. भाव पाहायचा तर लिलावांत हातोडा कितीला पडला हे पाहावे. लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर मागील निकाल उपलब्ध असतात, आणि एकाच रचनेच्या, एकाच आकाराच्या टेबलांचे निकाल शेजारी शेजारी मांडले की पृष्ठभागाची अवस्था किमतीवर किती परिणाम करते ते स्पष्ट होते. ढोबळमानाने लहान साइड टेबले काही हजार डॉलरांत मिळतात आणि मोठी, रंगदार, चांगली राखलेली टेबले पाच आकडी रकमेत जातात. हातोडा पडलेल्या रकमेवर लिलावगृह साधारण २५ टक्क्यांच्या आसपास खरेदीदाराचा अधिभार आकारते, त्यावर विक्रीकर येतो आणि वाहतूक वेगळी. म्हणून ४,००० डॉलरची बोली घरी पोहोचेपर्यंत ५,००० च्या वर जाते हे गृहीत धरूनच आपली मर्यादा कागदावर लिहावी, आणि बोली रंगात आली की त्या कागदाकडे पाहावे.

दूरवरून घेताना विक्रेत्याकडे किमान पाच प्रकारची छायाचित्रे मागावीत: आडव्या प्रकाशातील सबंध पृष्ठभाग, सही, चारही कडा, खालची बाजू आणि पायथ्याचा सांधा. मूळ पावती किंवा गॅलरीचे माहितीपत्रक असेल तर त्याचीही प्रत घ्यावी. छायाचित्रे द्यायला टाळाटाळ झाली तर वस्तू सोडून द्यावी. अशी टेबले पुन्हा येतात.

घरी आणणे

बांधणीत सर्वांत मोठी चूक म्हणजे फुगे असलेले प्लास्टिक थेट पृष्ठभागावर गुंडाळणे. उष्णतेत ते मेणाला चिकटते आणि गोल गोल ठसे मागे राहतात. आधी आम्लविरहित पातळ कागद, त्यावर मऊ सुती चादर किंवा ब्लँकेट आणि त्यानंतर हवे ते संरक्षण, असा क्रम ठेवावा. कडा आणि कोपरे यांना वेगळी गादी द्यावी, कारण दुमडलेला पत्रा सरळ करताना वरचे प्यूटर तडकते. उचलताना टेबल वरच्या कडेला धरू नये, खालून सांगाड्याला हात घालावा.

निवृत्तीनंतर सामानासह भारतात परतणारे काही जण असे टेबल बरोबर आणतात. समुद्रमार्गे येणाऱ्या लाकडी खोक्याचे लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेले असून त्यावर आंतरराष्ट्रीय नियमानुसारचा शिक्का हवा, नाहीतर खोके बंदरावर अडकते. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना लागू होणारे पुरावस्तूंचे नियम या टेबलांना लागत नाहीत, पण सीमाशुल्काचा प्रश्न उरतोच आणि तो निघण्याआधी जाणकार एजंटाकडून लेखी समजून घ्यावा.

सांभाळणे

चिंच, लिंबू, आमसूल, राख आणि तांब्यापितळेची भांडी घासायची पावडर यांपैकी काहीही या टेबलाला लावू नये. घरी कामाला येणाऱ्या बाईंना आणि सणावारी मदतीला येणाऱ्या मावशी-काकूंना हे आधीच सांगून ठेवावे. पितळेसारखे काही काळवंडलेले दिसले की ते लख्ख करायचे, हा आपल्याकडचा संस्कार इतका खोल आहे की दिवाळीच्या आवराआवरीत एखादी व्यक्ती निव्वळ प्रेमापोटी ते टेबल चमकवून ठेवेल आणि निम्मी किंमत तिथेच धुऊन जाईल.

रोजची धूळ मऊ, कोरड्या ब्रशने खाचांच्या दिशेने झटकावी, कारण फडक्याचे धागे कोरलेल्या कडांत अडकतात. वर्षातून एकदा, कोरड्या हवेच्या दिवशी, सूक्ष्मस्फटिकी मेणाचा (मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स) अगदी पातळ हात द्यावा. संग्रहालयांत धातूच्या वस्तूंना हेच मेण लावतात. आधी ते खालच्या बाजूला किंवा पायथ्याच्या मागे लावून पाहावे आणि रंग बदलत नाही याची खात्री झाल्यावरच वर यावे. मेण ब्रशने पसरावे, दहाएक मिनिटांनी मऊ ब्रशनेच उजळावे आणि खाचांत गोळा होऊ देऊ नये. रंग भरलेल्या जागा सैल वाटत असतील तर तिथे मेणही लावू नये, त्या संवर्धकासाठी सोडाव्यात.

मुंबई, कोकण किंवा गोव्यासारख्या ठिकाणी समुद्राच्या हवेतील मीठ आणि पावसाळ्यातील दमटपणा एकत्र येतात आणि क्लोराइडच्या गंजाला दोन्ही हवेच असतात. तिथे टेबल खिडकीपासून आणि बाल्कनीच्या दारापासून दूर ठेवावे, खोलीत आर्द्रता दाखवणारे छोटे उपकरण लावावे आणि जून ते सप्टेंबर या महिन्यांत ती ५० टक्क्यांच्या खाली राहील असे पाहावे. एवढे चार महिने आर्द्रताशोषक यंत्र चालवणे परवडत नसेल तर अशा वस्तूसाठी पुणे किंवा नाशिकचे घर अधिक बरे. पेला ठेवायचाच असेल तर खाली फेल्ट लावलेली तबकडी असावी. फुलदाणी मात्र या टेबलावर कधीही ठेवू नये, कारण तिच्या तळाशी झिरपलेले पाणी दिसतही नाही. दर पावसाळ्यानंतर त्याच जागेवरून, त्याच आडव्या प्रकाशात चारही कडांची छायाचित्रे काढून खरेदीच्या पावतीसोबत ठेवावीत. नवा हिरवा ठिपका कुठे उगवला हे जुन्या छायाचित्राशी ताडून पाहिल्यावरच कळते आणि विमा कंपनीलाही हाच पुरावा चालतो.